लगदा कॅनडाचा, कागद अमेरिकेचा: मॅडवॉस्काची मिल नदीच्या दोन काठांवर का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकेच्या मेन राज्याच्या पार उत्तर टोकाला, सेंट जॉन नदीच्या काठी मॅडवॉस्का नावाचं चार हजारांहून कमी वस्तीचं गाव आहे. समोर, पलीकडच्या काठावर, कॅनडाच्या न्यू ब्रन्सविक प्रांतातलं एडमन्स्टन. दोन्हीकडे मिल, दोन्हीकडे धुराडी. हाकलून दिलेल्या अकेडियन शेतकऱ्यांनी वसवलेल्या या आडबाजूच्या खोऱ्यात एवढा मोठा कागदाचा धंदा आला कुठून? तो अर्धा इकडे, अर्धा तिकडे का? जंगल आणि पाणी जवळ, म्हणूनच ना? आणि शेवटचं: हे किती दिवस टिकणार?

शेवटापासून सुरू करायचा मोह होतोय, पण आधी ‘जंगल आणि पाणी’ हे उत्तर बाजूला सारू. सेंट जॉन नदी ६७३ किलोमीटर लांब आहे आणि तिच्या वरच्या खोऱ्यात स्प्रूस आणि फर मैलोन् मैल उभे आहेत. नुसतं जंगल आणि पाणी पुरेसं असतं, तर मिल नदीवर कुठेही बसली असती. ती याच ठिकाणी बसली, कारण दोन देशांचे दोन कायदे नेमके या नदीच्या मधोमध एकमेकांना भिडत होते. त्या दोन कायद्यांच्या फटीत हे गाव मोठं झालं.

मी लगद्याचा माणूस. चंद्रपूरकडच्या बांबूवर चालणाऱ्या मिलमध्ये उमेदवारी केली आणि पुढची बहुतेक वर्षं उत्तर अमेरिकेतल्या मिलमध्ये डायजेस्टर, म्हणजे लाकूड शिजवायच्या टाक्या, आणि तयार लगद्याच्या टाक्या सांभाळण्यात गेली. त्यामुळे इतिहास सांगताना मध्येच पाइपलाइनकडे घसरलो तर समजून घ्या. या गोष्टीत पाइपलाइन मुख्य पात्रच आहे.

आधी माणसं. अकेडियन म्हणजे सतराव्या शतकात आजच्या नोव्हा स्कॉशियाच्या किनाऱ्यावर येऊन राहिलेले फ्रेंच शेतकरी. त्यांचं कसब जंगलातलं नव्हतं, खाडीतलं होतं. भरतीच्या पाण्याला बांध घालायचा, बांधात एकाच दिशेने उघडणारी झडप बसवायची, ओहोटीला आतलं गोडं पाणी बाहेर जाऊ द्यायचं आणि भरतीला खारं पाणी आत येऊ द्यायचं नाही. गोव्यातली खाजण शेती आणि तिची मानस पाहिली असेल, तर हे वेगळं समजावून सांगायला नको. फंडीच्या उपसागरासारख्या अफाट भरतीच्या जागी त्यांनी हे करून दाखवलं होतं.

१७५५ मध्ये इंग्रजांनी त्यांना बिनशर्त राजनिष्ठेची शपथ घ्यायला सांगितली. त्यांनी नकार दिला. मग घरं जाळली गेली, माणसं जहाजांत भरून विखरून टाकली गेली. काही कुटुंबं निसटली आणि सेंट जॉन नदीच्या खालच्या भागात, आजच्या फ्रेडरिक्टनजवळ, पुन्हा शेती करू लागली. अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध संपलं तेव्हा १७८३ मध्ये इंग्रजांच्या बाजूचे लोक हजारोंनी तिथं आले आणि अकेडियनांना दुसऱ्यांदा जागा सोडावी लागली. १७८५ मध्ये काही कुटुंबं नदीने वर गेली, ग्रँड फॉल्सचा तेवीस मीटरचा धबधबा ओलांडून त्याच्याही वर. हा धबधबा लक्षात ठेवा. खालून मोठी बोट वर येऊ शकत नाही, म्हणजे दोनदा हाकललेल्या माणसाला तिथं जरा निवांत झोप लागते. त्या खोऱ्यात वुलास्तुक हे मूळ रहिवासी आधीपासून होते, मॅडवॉस्का नदीच्या मुखाशी त्यांची वस्ती होती आणि आजही आहे. थोड्याच काळात क्यूबेककडूनही फ्रेंच कुटुंबं येऊन मिसळली. त्यामुळे ‘अकेडियन गाव’ म्हणताना रक्त अर्धंअधिक क्यूबेकचंही आहे, हे ध्यानात असू द्या. पलीकडच्या काठावरचे लोक स्वतःला ‘ब्रेयॉन’ म्हणवतात, आणि त्यांना सरसकट अकेडियन म्हटलं की काहींना रागही येतो.

सुरुवात हलाखीची होती. १७९७ चा हिवाळा तिथं अजून ‘काळा दुष्काळ’ म्हणून ओळखला जातो. मार्गरीत-ब्लांश तिबोदो ही बाई बर्फावर चालायचे जोडे पायात बांधून घरोघरी अन्न आणि कपडे पोचवत फिरली. गावाने तिला ‘तांत ब्लांश’, म्हणजे ब्लांश मावशी, करून टाकलं. मॅडवॉस्कातलं संग्रहालय तिच्याच नावाचं आहे.

आता खाडीची झडप इथं काय कामाची? वरच्या खोऱ्यात भरतीच नाही. म्हणून हे लोक दुसरं शिकले. नदीला काटकोनात लांबट अरुंद पट्ट्या पाडल्या. प्रत्येक घराला थोडा नदीकाठ, मागे शेत, त्यामागे जंगल. उन्हाळ्यात बटाटा, ओट, कुट्टू, आणि बर्फ पडला की पुरुष कुऱ्हाड घेऊन लाकूडतोडीच्या छावणीत. ‘शांतिए’ला गेलाय, असं तिथं म्हणत. वसंतात बर्फ वितळलं की ओंडके पुरात सोडायचे आणि त्यांच्यामागे नदीने खाली जायचं. पुढं सव्वाशे वर्षं मिलला लागणारा कामगार असा आधीच तयार होत होता. सहा महिने शेतकरी, सहा महिने लाकूडतोड्या, घरात दहा-बारा पोरं, आणि रोख पैसा म्हणाल तर फक्त लाकडाचा.

लाकडाला भाव आला नेपोलियनमुळे. बाल्टिककडून ब्रिटनला येणारं लाकूड अडलं, तसं ब्रिटनने वसाहतींच्या लाकडाला सवलत देऊन बाहेरच्या लाकडावर कर चढवला. न्यू ब्रन्सविकचा पाइन एकदम सोनं झाला. तेव्हा ओंडका गोल पाठवत नसत. रुंद कुऱ्हाडीने चारही बाजूंनी तासून चौकोनी केलेला वासा जहाजात रचायला सोपा. बाकी लाकूड, जवळजवळ पाव हिस्सा, जंगलात ढलप्या होऊन पडे.

इथं सीमेचा मुद्दा येतो. १७८३ च्या तहात मेन आणि न्यू ब्रन्सविकमधली हद्द इतकी मोघम लिहिली होती की दोघेही त्याच जंगलाचे मालक. १८३१ मध्ये नेदरलँड्सच्या राजाने लवाद म्हणून निकाल दिला, तो अमेरिकेने मानला नाही. १८३९ च्या हिवाळ्यात मेनचा जमीन अधिकारी बेकायदा तोड थांबवायला छावणीत गेला आणि त्यालाच पकडून नेलं. दोन्हीकडे सैन्य गोळा झालं. अमेरिकी काँग्रेसने ५०,००० माणसं आणि एक कोटी डॉलर मंजूर केले. याला ‘अरूस्टुकचं युद्ध’ म्हणतात, पण लढाई अशी झालीच नाही. भांडण मुळात लाकडाचं होतं, आणि १८४२ च्या वेब्स्टर-अॅशबर्टन तहाने ते मिटलं. सेंट जॉन नदी, तिचा मधला प्रवाह, हीच सीमा ठरली. वादातल्या १२,०२७ चौरस मैलांपैकी ७,०१५ अमेरिकेला गेले.

अकेडियनांना कोणी विचारलं नाही. एका काठाला भाऊ, दुसऱ्या काठाला बहीण, आणि मधून देशाची हद्द. चर्च उत्तर काठाला सेंट-बाझीलला होतं, १७९२ पासून. दक्षिणेकडचे लोक लग्नाला, बारशाला, मयताला तिकडेच जात. धर्मप्रांतसुद्धा १८७० पर्यंत पलीकडचाच राहिला. देश बदलला तरी पाद्री जुनाच, अशी अठ्ठावीस वर्षं गेली.

पण तहातली दोन कलमं उद्योगाच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत. एकाने वहिवाटीच्या जमिनींचा हक्क दोन्ही काठांवर मान्य केला, म्हणून माणसं हलली नाहीत. दुसऱ्याने मेनच्या लाकडाला आणि शेतमालाला नदीतून थेट समुद्रापर्यंत मोकळी वाट दिली, आणि तो माल ब्रिटिश बंदरात उतरला तरी त्याला परक्या मालाचा कर नको असं ठरवलं. कागदोपत्री ती सीमा झाली, पण ओंडक्यासाठी नदी वाहती राहिली. पुढचं अर्धशतक मेनचं लाकूड कॅनडातल्या सेंट जॉन शहरात चिरलं जाई आणि अमेरिकन मालकीच्या मिलमधून बिनकराचं अमेरिकेत परत जाई. ‘आधी तिकडे थोडं करा, मग इकडे आणा’ हा खेळ या नदीला तेव्हापासून ठाऊक आहे.

रेल्वेबद्दल मी फार बोलत नाही, पण तिच्याशिवाय पुढचं शक्य नव्हतं. एडमन्स्टनला १८७८ मध्ये रूळ आले आणि १८८९ मध्ये रिव्हिएर-द्यू-लूकडून दुसरी लाइन. मेनच्या काठाला मात्र १९१० च्या सुमारास बँगर अँड अरूस्टुक रेल्वेची नदीकाठची शाखा पोचेपर्यंत वाट पाहावी लागली. म्हणजे तीस वर्षं कॅनडाचा काठ पुढे होता. आजही एडमन्स्टन चौपट मोठं आहे, त्याची सुरुवात इथं झाली.

आता मिल. स्कॉटलंडहून आलेल्या डोनाल्ड फ्रेझरने १८७७ मध्ये नदीच्या खालच्या बाजूला, रिव्हर द शूटला, लाकूड चिरायची मिल काढली. वाढत वाढत फ्रेझर घराण्याकडे जंगलाचे प्रचंड पट्टे आले. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्यांनी एडमन्स्टनला सल्फाइट लगद्याची, म्हणजे गंधकाच्या आम्लात लाकूड शिजवणारी, मिल उभारली, ती १९१८ च्या सुमारास सुरू झाली. लक्षात घ्या, भांडवल स्कॉटिश-इंग्रज आणि हात फ्रेंच. ‘अकेडियनांनी उद्योग उभारला’ असं पर्यटनाच्या पत्रकांत छापतात, ते सरळसरळ खरं नाही. त्यांनी तो चालवला.

पहिला कायदा न्यू ब्रन्सविकचा. ओंटारिओ, क्यूबेक आणि मग १९११ मध्ये न्यू ब्रन्सविक, एकेका प्रांताने सरकारी जंगलातलं लगद्याचं लाकूड कच्चं बाहेर पाठवायला बंदी घातली. आमचं झाड आमच्या जमिनीवर लगदा तरी होऊ दे, मग न्या, असा त्याचा अर्थ. दुसरा कायदा अमेरिकेचा. १९१३ पासून वर्तमानपत्राचा कागद आणि लगदा अमेरिकेत बिनशुल्क येऊ लागला. अमेरिकन वृत्तपत्रांच्या मालकांनी तो करून घेतला होता, उघड आहे. पण चांगल्या प्रतीच्या छपाईच्या कागदावर शुल्क राहिलं, आणि १९२२ च्या दरपत्रकाने शुल्काची भिंत आणखी उंच केली.

आता तुम्ही फ्रेझरच्या खुर्चीत बसा. लाकूड कॅनडातून बाहेर नेता येत नाही, पण लगदा नेता येतो. लगदा अमेरिकेत फुकट शिरतो, पण कागद शिरत नाही. गिऱ्हाईक सगळं अमेरिकेत. वर्तमानपत्राचा कागद करायचा असता, तर सगळं कॅनडातच केलं असतं, इतरांनी केलंच. पण चांगला कागद करायचा, तर एकच सोपी गोष्ट उरते. लगदा करा या काठाला, कागद करा त्या काठाला. १९२५ मध्ये मॅडवॉस्काला पेपर मिल सुरू झाली. दोन मिल, दोन देश, मध्ये नदी, आणि नदीवरून पाइप.

पाइप का, हे समजलं की अख्खी गोष्ट समजते. म्हणून इथं जरा थांबतो.

लगदा धुऊन निघतो तेव्हा तो वाळलेला नसतो. टाकीत असतो तेव्हा शंभर भागांत चारेक भाग तंतू आणि बाकी सगळं पाणी. म्हणजे एक टन तंतू हलवायचा, तर चोवीस टन पाणी सोबत हलतं. हातात घेतला तर तांदळाच्या दाट पेजेसारखा लागतो. आम्ही मिलमध्ये मीटरवर विश्वास ठेवायच्या आधी मूठ भरून घेतो आणि पिळतो. पाणी बोटांतून निघून जातं आणि तळहातावर उरतो तो गोळा. गोळा किती उरला, त्यावरून जुना ऑपरेटर कन्सिस्टन्सी, म्हणजे शंभरात तंतू किती, ते सांगतो, आणि अर्ध्या टक्क्याच्या आत सांगतो. हे मी थट्टेने सांगत नाही, माझ्या पहिल्या वस्तादाने मला हेच आधी शिकवलं होतं.

असा पातळ लगदा ट्रकने किंवा वाघिणीने दूर न्यायचा, तर पाणीच न्यावं लागतं. म्हणून लगदा विकणाऱ्या मिल तो दाबून, वाळवून, पुठ्ठ्यासारखे ताव करून गासड्या बांधतात. घेणारा मग त्या गासड्या पुन्हा पाण्यात टाकून घुसळतो. म्हणजे वाळवायला वाफ, घुसळायला वीज, दोन्हीकडे पैसा. शिवाय एक गोष्ट पुस्तकात वाचण्याआधी हाताला कळते. एकदा वाळलेला तंतू पुन्हा पहिल्यासारखा फुगत नाही. त्याच्या भिंती एकमेकींना चिकटतात, आखडतात. न वाळलेला तंतू लवचीक असतो, शेजाऱ्याला घट्ट पकडतो. पातळ आणि तरीही मजबूत कागद करायचा असेल, तर कधीच न वाळलेला लगदा हे मोठं बळ आहे.

मॅडवॉस्काला ते फुकट मिळालं. पलीकडून पंपाने ढकललेली पेज नदीवरून येते, इकडच्या टाकीत पडते, कुटाई होते, खडू आणि माती मिसळते, आणि तासाभरात जाळीवर पसरते. नदी तिथं काही फार रुंद नाही, दोन्ही मिलमधलं सगळं अंतर धरलं तर सुमारे एक मैल पाइप. सीमाशुल्काच्या हिशेबात मात्र पाइपातून वाहणारा प्रत्येक टन तंतू म्हणजे आयात. पाणी नाही मोजत, तंतू मोजतात. शंभर वर्षं ती आयात चालू आहे.

मला कधी कधी वाटतं, सीमा नसती तर एडमन्स्टनलाच सगळं झालं असतं आणि मॅडवॉस्का बटाट्याचं गाव राहिलं असतं. १८४२ मध्ये ज्या रेघेने या लोकांची घरं दुभंगली, तिनेच त्र्याऐंशी वर्षांनी त्यांना नोकऱ्या दिल्या. मी याला न्याय म्हणत नाही.

मिलने गावाचं काय केलं, हे लोकसंख्येत दिसतं. शेतातून माणसं आली, पगार रोख आणि वर्षभर. १९६० आणि १९७० च्या जनगणनांत मॅडवॉस्का साडेपाच हजारांच्या आसपास होतं. २०२० मध्ये ३,८६७. मधल्या काळात मशिनं मोठी झाली आणि माणसं कमी लागू लागली. हे प्रत्येक मिल गावाचं आहे.

भाषेचं प्रकरण मात्र खास इथलं. मिलमध्ये वरचे अधिकारी इंग्रजी बोलणारे, मशिनवर सगळी फ्रेंच. १९१९ मध्ये मेनने कायदा केला की शाळेत शिकवायची भाषा फक्त इंग्रजी. मैदानात फ्रेंच बोलताना पकडलेल्या पोराला फळ्यावर ओळी लिहाव्या लागत. तो कायदा पन्नास वर्षं राहिला, १९६९ मध्ये उठला. म्हणजे बाप पाळीवर फ्रेंचमध्ये बोलतो, पोराला शाळेत फ्रेंचसाठी शिक्षा, आणि नदीपलीकडची चुलत भावंडं फ्रेंच शाळेत. एकाच आडनावाची माणसं दोन काठांवर दोन वेगळ्या भाषांत लिहू लागली, बोलणं मात्र एकच राहिलं. मी तिथं कामानिमित्त गेलो होतो तेव्हा म्हातारे ऑपरेटर माझ्याशी इंग्रजीत बोलायचे, मशीन बिघडली की फ्रेंचवर यायचे. मला काही कळत नसे, पण कोणता पंप बसला हे सुरावरून कळे.

त्यांच्या जेवणाबद्दल एक ओळ लिहिणार होतो, चार लिहितो. ‘प्लॉय’ म्हणून एक पदार्थ आहे, कुट्टूच्या पिठाचा. पीठ थंड पाण्यात भिजवायचं, वरून उकळतं पाणी, दूध नाही, अंडं नाही. कोरड्या तापलेल्या तव्यावर पळीभर घातलं की कडेपासून जाळी पडायला लागते, सगळ्या पृष्ठभागावर भोकंच भोकं. उलटायचं नाही. वरची बाजू सुकली की उतरवायचं आणि लोणी लावून गुंडाळायचं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला घावनच वाटला, फक्त रंग हिरवट-पिवळा. कुट्टू गरीब, थंड जमिनीत येतो, म्हणून तो या खोऱ्यात टिकला. पाळीवर येणाऱ्यांच्या डब्यात प्लॉय असायचेच.

वासाचंही सांगतो, कारण पेपर मिल म्हटलं की लोक नाक मुरडतात. कुजक्या कोबीसारखा जो वास प्रसिद्ध आहे तो क्राफ्ट या लगद्याच्या दुसऱ्या पद्धतीचा. सल्फाइट मिलला तसा वास नसतो, तिथं नुकत्याच ओढलेल्या काडेपेटीच्या काडीचा झणका असतो. गंधक जाळून धूर चुनखडीच्या मनोऱ्यातून न्यायचा, त्याचं आम्ल करायचं, त्यात लाकडाचे तुकडे तासन् तास शिजवायचे. शिजल्यावर लाकडाचं निम्मं वजन तंतू म्हणून हाती येतं. उरलेलं निम्मं पाण्यात विरघळलेलं असतं, आणि जुन्या काळी ते सरळ नदीत जाई. एक टन लगद्यामागे एक टन विरघळलेलं लाकूड. त्यावर साली, ओंडके, गावांचं सांडपाणी. सत्तरच्या दशकापर्यंत त्या नदीत काय उरलं असेल, याचा अंदाज करा. कायदे कडक झाल्यावर अशा मिलनी आम्लाचा पाया चुन्याऐवजी मॅग्नेशियमवर नेला. मग लाकूड विरघळलेलं ते पाणी आटवून जाळता येतं, रसायन परत मिळतं, आणि वर वाफ मिळते. पर्यावरणासाठी केलेलं काम खर्चातही परवडलं, असं आमच्या धंद्यात फार वेळा होत नाही.

आता टिकण्याचा प्रश्न. मेनमधल्या मिलची यादी वाचली तर मयताची यादी वाटते. बक्सपोर्ट २०१४ मध्ये गेली. ईस्ट मिलिनॉकेट त्याच वर्षी. मॅडिसन २०१६. जे गावातली मिल २०२० मध्ये डायजेस्टरचा स्फोट झाला तरी तग धरून होती, ती २०२३ मध्ये बंद. मॅडवॉस्काही सुखरूप नव्हतं. फ्रेझर पेपर्सने २००९ मध्ये धनकोंपासून संरक्षण मागितलं, आणि २०१० मध्ये दोन्ही काठांच्या मिल मिळून ‘ट्विन रिव्हर्स’ नावाची कंपनी झाली.

मग हीच का टिकली? माझं मत असं, आणि हे मतच आहे. बाकीच्या बऱ्याच मिल मासिकांचा आणि कॅटलॉगचा चकचकीत कागद करत होत्या. मोबाइलने नेमकं तेच गिऱ्हाईक खाल्लं. मॅडवॉस्का पातळ कागदावर राहिलं. औषधाच्या खोक्यात घडी करून ठेवलेलं ते बारीक अक्षराचं पत्रक, बायबलचा कागद, पाकिटं, पिशव्यांचा कागद. औषधाचं पत्रक अजून कायद्याने छापावं लागतं. पातळ कागद करणं अवघड असतं. जाळीवर तुटतो, आरपार दिसतो, म्हणून अपारदर्शकतेसाठी महाग भरण घालावं लागतं. अवघड आहे म्हणून स्पर्धक कमी. आणि न वाळलेला लगदा त्यांना पाइपातून मिळतो, ज्याच्या जोरावर कागद पातळ असूनही तुटत नाही. १९२२ च्या शुल्काला चुकवायला टाकलेला पाइप शंभर वर्षांनी वेगळ्याच कारणाने उपयोगी पडला.

सीमा तशी अजूनही डोकं वर काढते. एडमन्स्टन-मॅडवॉस्काचा लोखंडी पूल १९२१ चा, पेपर मिलच्याही आधीचा. त्याचं एक टोक मेनच्या बाजूला मिलच्या आवाराला खेटून होतं. २०१७ मध्ये तपासणीत तो इतका खंगलेला निघाला की पाच टनांवरच्या गाड्यांना बंदी झाली. ट्रक फोर्ट केंट किंवा व्हॅन ब्यूरनच्या पुलाने वळसा घालून जाऊ लागले. पाइपला काही फरक पडला नाही. नवा पूल २०२४ च्या जूनमध्ये सुरू झाला. त्याआधी २०२० च्या मार्चमध्ये करोनामुळे सीमा बंद झाली, तेव्हा नदीपलीकडची बहीण वर्षाहून जास्त काळ भेटू शकली नाही. माल जात होता, लगदा जात होता. मग २०२५ मध्ये अमेरिकेने कॅनडाच्या मालावर शुल्क लावलं, तेव्हा गावातला पहिला प्रश्न एकच होता: पाइपातला लगदा कॅनडाचा माल धरायचा की नाही? अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको या तिन्ही देशांच्या व्यापार कराराच्या नियमांत बसणाऱ्या मालाला मार्चमध्ये सूट मिळाली. पण तोवर तिथल्या लोकांच्या पोटात गोळा आला असणार.

तुम्ही तिकडे गेलात तर सेंट-डेव्हिडला थांबा, गावाच्या पूर्वेला. १७८५ च्या आगमनाच्या जागी क्रॉस उभा आहे, थेट नदीला लागून. तिथून खाली पाण्याकडे बघताना उजवीकडे, डावीकडे, समोर, सगळीकडे त्या अरुंद पट्ट्या दिसतात, दोन्ही काठांवर सारख्याच. मग गावात या, पुलाच्या मध्यापर्यंत चालत जा, पण आधी पासपोर्ट खिशात असल्याची खात्री करा. मी घेतला नव्हता, आणि पलीकडच्या अधिकाऱ्याला माझ्या मिलच्या कार्डाचं काही कौतुक नव्हतं.